दफनभूमीतल्या सरळ ओळी

मामाला एखादं खूळ लागलं की गल्लीची खैर नसते. या खेपेला खूळ होतं जुन्या दफनभूमीचं. तिची पार रया गेली होती, ती आपणच सावरायची म्हणून तो घरोघरी वर्गणी मागत फिरला आणि नाही म्हणणाऱ्यांच्या दारात ठाण मांडून बसला. पहिली वर्गणी मात्र न मागता मिळाली, माझ्या आईची, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची. तिचं पहिलं मूल तिथे आहे. दीड वर्षाचं होऊन गेलं, माझ्या जन्माआधीच. मी त्याला दादाच म्हणते. आपल्याला त्याच्या शेजारी ठेवायचं, असं आईने आम्हाला बजावलं होतं. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून तर ती दुसरं काही मागतच नव्हती.

काम पुरं झालं त्या सकाळी मी तिला चाकाच्या खुर्चीतून घेऊन गेले. फाटकातून आत शिरलो आणि मी बघतच राहिले. झुडपं गेली होती. जमीन सपाट, वर नवीकोरी हिरवळ. आणि दगड! कललेले, रुतलेले सगळे दगड धुऊनपुसून शिस्तीत उभे. वर्गाच्या फोटोत पोरं बसवतात तसे, बुटके पुढे आणि उंच मागे.

"काय, आहे की नाही झकास?" मामाची छाती फुगली होती. "ताई, तुझा पहिल्या ओळीत आहे बघ!"

दादाचा दगड खरंच पहिल्या ओळीत होता, अगदी फाटकाजवळ. आई त्याच्याकडे बघेना. शेजारपाजारचे दगड ओळखत ती आजवर त्याच्यापर्यंत जायची. आता ती नुसती हिरवळीवरून नजर फिरवत होती.

मी मामाकडे वळले. "मामा, दगड उपटताना जागेवर खुणा ठेवल्या होत्या ना?"

मामाने दगड बसवणाऱ्या गवंड्याकडे पाहिलं.

"खुणा कशाला?" गवंडी म्हणाला. "प्रत्येकावर नाव आहेच की."

त्या दोघांच्या नरडीचा घोट घ्यावा असं मला वाटलं.

"ताई, दगड तोच आहे गं," मामा चाचरत म्हणाला. "हात लावून बघ हवं तर."

"दगड घेऊन काय करू?" आई म्हणाली. "माझं पोर कुठंय?"

हिरवळीवर फुलं घेऊन आलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. एकेकाने खाली पाहिलं. एका बाईने पाय उचलला, आणि तो कुठे टेकावा हेच तिला कळेना.