लांब उभा केलेला राजाराम

मित्रांनो, चावी भरली की घरघरत चालणारा मी एक जुना सिनेमाचा कॅमेरा. भिंग तडकले आहे, चावी गंजली आहे, आणि मुक्काम गिरगावातल्या एका माळ्यावर. पण माझेही उमेदीचे दिवस होते.

माझे मालक रूपर्ट सर, नायगावच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. इटलीच्या चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी त्यांना पुरते झपाटले होते. त्या चित्रांत फरशीच्या, भिंतींच्या साऱ्या रेघा दूर एका बिंदूत जाऊन मिळतात. तसाच सिनेमा काढायचा, गोष्ट नाही, गाणी नाहीत, नुसते पाहणे, असे त्यांच्या मनाने घेतले. लोकांनी वेड्यात काढले. मला मात्र त्यांचा फार अभिमान वाटे.

तशा रेघा त्यांना नायगावच्या चाळीत सापडल्या. मधून लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना दारेच दारे. पार टोकाला त्यांनी राजारामला उभे केले. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता गिरणीत लागलेला.

"सर, जरा पुढं येऊ काय?" त्याने हसत विचारले.

"हलू नकोस रे! पुढे आलास तर सगळं चित्र बिघडेल."

बिचारा तिथेच उभा राहिला.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. राजाराम मोर्चात गेला आणि गोळीबारात गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. त्याची आई कौसल्याबाई सरांकडे आली.

"मास्तर, तुमच्या पिच्चरमदी माझं पोर हाय म्हनं. एकदा दावा. डोळं मिटलं तर आता त्याचं तोंड नीट दिसंना झालंय."

सरांनी भिंतीवर चादर लावली, सिनेमा दाखवायचे यंत्र सुरू केले. रेघा कशा अगदी जुळून आल्या होत्या! त्या जिथे मिळत होत्या तिथे राजाराम होता, करंगळीएवढा. उजेड त्याच्या पाठीमागे, तोंड अंधारात.

कौसल्याबाई चादरीजवळ गेली, तर तिचीच सावली त्याच्यावर पडली. ती बाजूला सरली. बोटाने त्याला चाचपू लागली.

"एवढं लांब का हुबं केलंत, मास्तर? जवळ बोलवायचं की वो."

सरांनी यंत्र बंद केले. त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतले नाही, आणि मला त्याचा रागही आला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. पण तुमच्या हाती कधी कॅमेरा आला, तर रेघा खुशाल बिघडू द्या. आधी समोरच्या माणसाचे तोंड नीट बघून घ्या.