सोंड नसलेला हत्ती

माझा थोरला भाऊ सिद्रामप्पा, आमचा अण्णा, यानं आयुष्यात हातानं काही केलं असेल तर ते कापड फाडणं. अहमदपूरच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. तो गादीवर बसायचा आणि मी शाळेत मास्तर. कापड मोजायचं, कात्रीचं टोक लावायचं आणि टर्रकन फाडायचं, एवढीच त्याची कारागिरी. हा माणूस एके दिवशी जेवताना म्हणाला की लेक शिवगंगेच्या सासऱ्याला दिवाळीत आपण स्वतः घडवलेलं लाकडी बुद्धिबळ देणार. नीलम्मावहिनींनी भाकरी बाजूला ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

या वेडाचं मूळ शिवगंगेच्या लग्नात होतं. तिचे सासरे रेवणप्पा लातूरचे. आडतीचं दुकान, गळ्यात लिंग, तोंडात जिल्हा. ते साल शहाऐंशी. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि धड पाऊस न होऊन दोन. रेवणप्पांना यातलं पहिलंच तेवढं आठवायचं. ‘आमच्या जिल्ह्याला’, ‘आम्हा जिल्ह्याच्या लोकांना’ असं ते बोलायचे. अहमदपूरही त्याच जिल्ह्यात आहे हे त्यांच्या ध्यानात राहत नसे. मुलगा बसवराज कचेरीत कारकून, त्याच्याकडं पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या लिहिण्याचं टेबल. त्यामुळं दुष्काळातही त्या घराची कळा काही उतरली नव्हती.

लग्नाच्या पंगतीत त्यांनी अण्णाला विचारलं, “बुद्धिबळ खेळता का?”

“आमच्याकडं पत्ते खेळतेत,” अण्णा म्हणाला.

“बरोबर हाय. तालुक्याला पत्ते, जिल्ह्याला बुद्धिबळ,” रेवणप्पा म्हणाले. मांडव हसला. अण्णाही हसला, पण त्याच्या हातातला बुंदीचा लाडू चुरा झालेला मी पाहिला.

तर दिवाळीला लेक-जावयाला बोलवायला लातूरला जायचं होतं, तेव्हा ही भेट न्यायची असं ठरलं. अण्णाला बुद्धिबळ खेळता येत नव्हतं आणि सुतारकाम तर त्याहून येत नव्हतं. मी म्हणालो, “अण्णा, विकत मिळतंय की.”

“विकतचं त्यांच्याकडं हाय. हातचं न्हाई.”

मी शाळेच्या कपाटातून प्लास्टिकचा संच आणून दिला. त्यात एक घोडा कमी होता. अण्णानं एकेक सोंगटी उचलून पाहिली आणि बुरुजासारखी सोंगटी पुढं धरून विचारलं, “हे काय?”

“हत्ती.”

“ह्याला हत्ती कशावरून म्हणायचं?”

वीस वर्षं मी पोरांना तो हत्तीच म्हणून शिकवत होतो. अण्णानं तिथंच ठरवलं की आपला हत्ती हत्तीसारखा दिसेल.

पांढऱ्या सोंगट्यांसाठी आंब्याचं लाकूड मिळालं, कारण त्या वर्षी गावोगाव आंबे उभ्या उभ्या वाळून चालले होते. काळ्यांसाठी शिसव पाहिजे होतं. ते घरात एकाच ठिकाणी होतं, वहिनींच्या माहेरून आलेल्या पलंगाच्या पायांत. वहिनी नागपंचमीला माहेरी गेल्या आणि परत आल्या तेव्हा पलंग विटांवर उभा होता.

“माझ्या बापानं दिलेला पलंग,” त्या म्हणाल्या.

“पलंग हायच की. पायच काढलेत.”

महिनाभर त्या घरात भाजीला मीठ कमी होतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतंच. दोन वर्षं पीक नाही म्हटल्यावर लुगडं कोण घेतो. मेलेल्यासाठी लागतं तेवढं पांढरं कापड खपायचं. तेवढं फाडून दिलं की अण्णा गादीच्या मागं पटाशी आणि कानस घेऊन बसायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं तीन प्यादी केली आणि दोन बोटं कापली. सोळा प्यादी झाली तेव्हा त्यात एकसारखी दोन नव्हती. माझ्या वर्गाची प्रार्थनेची रांग बरी. उंटांच्या माना मोडल्या म्हणून त्यानं त्या खाली वाकवल्या, तर ते उंट नमस्कार घालणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे दिसायला लागले. बाजारातली रिकामी माणसं बघायला यायची, हसून जायची. दुष्काळात करमणूक फुकट मिळाली तर कोण सोडतो. मीही हसणाऱ्यांत होतो. शाळेच्या खोलीत तर मी अण्णाची नक्कल करून दाखवत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

खरी गंमत हत्तीची झाली. सोंड कोरत आली की मोडायची. सात हत्तींच्या सात सोंडा मोडल्या. पाय केले तर तेही टिकेनात, म्हणून त्यानं पोटाखालचं लाकूड तसंच ठेवलं. शेवटी लांबट गोल अंग, पुढं एक ठोकळा आणि मागं शेपटीचं बोंड, असे चार हत्ती उभे राहिले.

वहिनींनी एक हातात घेतला. “टँकर छान झालाय.”

“हत्ती हाय तो.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या, “हत्ती.”

पण राजा-वजीर करायची वेळ आली तोवर अण्णाचा हात बसला होता. काळा वजीर त्यानं नऊ दिवस घडवला. पागोट्याचा एकेक पेच मोजून घ्यावा असा. तो पाहिल्यावर नक्कल करायचं मी बंद केलं. ज्या माणसाच्या हातून नुसतं फाडणंच झालं, त्याच्या हातून हे कसं निघालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो नुसता तळहातावर ठेवून बघत बसायचा.

दिवाळीच्या दोन दिवस आधी आम्ही दोघं एस.टी.नं लातूरला गेलो. पेटी अण्णाच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाला, “जिल्ह्याला चाललोय.”

रेवणप्पांच्या घरी त्या दुपारी मुद्दाम पाहुणे बोलावलेले होते. त्यात बसवराजच्या कचेरीतले मोठे साहेब होते, रेणुकादास, मूळचे हदगावचे. साहेब आपल्याशी बुद्धिबळ खेळतात आणि बहुतेक वेळा हरतात, असं रेवणप्पा सगळीकडं सांगत. एकमेकांना ‘शरणार्थ’ म्हणून नमस्कार झाला, बसणं झालं. शिवगंगेनं काठोकाठ भरलेले पाण्याचे पेले आणले. आम्ही दोघांनी ते एका दमात संपवले. आमच्याकडं पाहुण्याला अर्धा पेला देण्याची पद्धत पडून वर्ष झालं होतं.

पेटी उघडली. रेवणप्पांनी नेमका हत्तीच उचलला.

“हे काय म्हणायचं?”

“हत्ती,” अण्णा म्हणाला.

“सोंड?”

“मोडली.”

पाहुणे हसले. रेणुकादासांनी तो हातात घेऊन फिरवला. “हा तर टँकर झालाय हो. माझ्याच खात्याची चेष्टा केलीत की.” ते हसतच म्हणाले, पण अण्णाला वाटलं साहेब रागावले. तो घाईघाईनं हात जोडून म्हणाला, “नाही साहेब, टँकर बघून कसा करणार? अहमदपुरात तो महिन्यातून एकदा येतोय, ती गर्दी असतीय की टँकर दिसतच न्हाई. आयुष्यात जवळून बघितला तो आजच. इथं दारात उभा होता. पाईप थेट ह्यांच्या हौदात. मी अडखळून पडतच होतो.”

रेवणप्पांनी पेटीचं झाकण उगाच उघडझाप केलं.

साहेबांनी बसवराजकडं पाहिलं. “आज या गल्लीची फेरी होती?”

बसवराज पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

“खेळू या,” साहेब म्हणाले. “संच छान आहे.” त्यांनी टँकर, म्हणजे हत्ती, जागेवर ठेवला आणि पंधरा मिनिटांत रेवणप्पांना मात दिली. रेवणप्पा म्हणाले की नव्या सोंगट्या ओळखायला वेळ लागला. दुसरा डाव मागितला आणि तो दहा मिनिटांत गेला.

परतीच्या वाटेवर अण्णा इतका खूश होता की शेंगा घेऊन सगळ्या बसला वाटल्या. पुढचे आठ दिवस बाजारात त्यानं ही गोष्ट रोज सांगितली आणि रोज त्यात थोडी भर घातली. न्याय झाला, असं तो म्हणायचा.

न्याय कसा झाला ते संक्रांतीला कळलं. शिवगंगेचं पत्र आलं. साहेब बसवराजला रागे भरले नव्हते की त्यांनी त्याचं टेबल काढलं नव्हतं. नुसतं म्हणाले होते, फेरी आधी माझ्या बंगल्यावरून जाऊ दे. त्यामुळं रेवणप्पांचा हौद कोरडा पडला आणि घरची सून नळाच्या रांगेत उभी राहायला लागली. पहाटे चारला नंबर लावायचा, दहाला दोन घागरी. ‘अप्पा, माझी तब्येत बरी आहे,’ असं तिनं बापाला शेवटी लिहिलं होतं, म्हणजे बरी नव्हती.

अण्णानं पत्र दोनदा वाचलं. मी काहीतरी समजुतीचं बोललो, ते त्यानं ऐकलं नाही. दुकान वहिनींच्या हवाली केलं, घरातल्या दोन घागरी उचलल्या आणि लातूरची गाडी धरली. मी पाठोपाठ गेलो, कारण हा तिथं जाऊन काय करील याचा भरवसा नव्हता.

तो भांडला वगैरे नाही. शिवगंगेला म्हणाला, “तू घरात बस,” आणि तिच्या जागी रांगेत जाऊन उभा राहिला. पोरीचा बाप, धोतर-टोपीवाला, बायकांच्या रांगेत डोक्यावर घागर घेऊन. सगळी गल्ली दारात आली. ‘रेवणप्पांचे व्याही त्यांचं पाणी भरायलेत’ ही बातमी आडत बाजारात पोचायला अर्धा तास लागला.

रेवणप्पा धावत आले. “सिद्रामप्पा, ठेवा ती घागर. लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील?”

“पाहुण्याला पाणी भरायला लावलं म्हणतील.”

“मग लेकीला लावलं तवा काय म्हणले?”

रेवणप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. मग त्यांनी दुसरी घागर उचलली आणि सवयीनं रांगेच्या पुढं जाऊन उभे राहिले. पुढं पार्वतीबाई होत्या, कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “कोण तुम्ही?”

“मी रेवणप्पा. आमचा बसवराज कचेरीत—”

“मागं जावा.”

ते मागं गेले. अण्णाच्या मागं. दोघे दोन तास घागरी घेऊन उभे राहिले.

अण्णा तिथं आठ दिवस राहिला. आठव्या दिवशी रेवणप्पा त्याच्या आधी उठून रांगेत गेले होते, म्हणून तो परत आला. पुढं पावसाळ्यापर्यंत शिवगंगेला नळावर जावं लागलं नाही. रेवणप्पा रोज पहाटे स्वतः जायचे. कुणी विचारलं तर डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणायचे.