करवंदीच्या वळणावरचा चहाडखोर आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. घरातला नव्हे, रस्त्यावरचा. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना घाटात करवंदीचं वळण लागतं. तिथे खांबावर नारिंगी काठाचा, फुगीर पोटाचा आरसा दिसतो, तो मी. या बाजूने येणाऱ्याला त्या बाजूचं सांगायचं, एवढंच माझं काम. थोडक्यात, चहाडी करण्यासाठी सरकारने नेमलेला या तालुक्यात मी एकटाच. नेमणूक नसलेले पुष्कळ आहेत.

नऊ वर्षं मी इमानाने चहाडी केली. एका दुपारी केली नाही. तेच सांगायचं आहे, पण आधी जन्म सांगावा लागतो, अशी पद्धत आहे.

माझा जन्म भिवंडीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आम्ही चाळीस भावंडं. आम्हाला चुकून समोरासमोर मांडलं, तेव्हा चाळीसचे कित्येक हजार दिसू लागले. मोजणारा माणूस दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. मग मला पेंढ्यात गुंडाळून टेम्पोने इथे आणलं, खांबावर चढवलं आणि मागून एक जाडजूड नट आवळला. तो नट लक्षात ठेवा.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. जीपवाला पंढरी वळणावर आला की आधी माझ्यात बघायचा, हॉर्न द्यायचा आणि मगच गाडी वळवायचा. उन्हाळ्यात सुकरीआजी माझ्या सावलीत पळसाच्या द्रोणांत करवंदं मांडून बसायची. माझी सावली परातीएवढी, पण ती तेवढ्यात भागवायची. फुगीर आरशात सगळं लहान दिसतं. ते बघून ती म्हणायची, "टरकाचा बोकड करतोय बघ हा." मी आणखी फुगायचो.

आणि योगिता. आमच्या वळणाखाली तीन किलोमीटरवर पाडा आहे, तिथली. जव्हारच्या आश्रमशाळेत शिकणारी, सोळा वर्षांची. सुट्टीत घरी आली की सकाळी पाड्यावरून चढ पळत यायची, माझ्या खांबाला हात लावायची आणि तशीच माघारी पळायची. माझ्यात ती आधी लाल मुंगी दिसायची, मग कोंबडी, मग मुलगी. जून महिन्यात तिची नाशिकला धावण्याची चाचणी होती. निवड झाली की पुढचं शिक्षण, राहणं आणि पळणं, सगळं तिकडेच. तिने हे सुकरीआजीला सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. मी तेव्हापासून मुंगीची वाट बघू लागलो.

तिचा थोरला भाऊ भावेश. तोही माझ्यापाशी थांबायचा, पण भांग पाडायला. आता माझा कबुलीजबाब ऐका. ड्रायव्हर लोक माझ्यात बघतात तेव्हा ते रस्ता बघतात. नऊ वर्षांत मला कोणी मन लावून बघितलं नव्हतं. भावेश पाच-पाच मिनिटं बघायचा. तो स्वतःलाच बघत होता हे मला कळत होतं. तरी मला बरं वाटायचं.

वैशाखात पाड्यावर बोहाडा होता. बोहाड्यात देवादिकांचे मोठाले मुखवटे घालून नाचतात, त्यांना सोंगं म्हणतात. भावेशच्या घराकडे रावणाचं सोंग आहे. वडिलांचे गुडघे गेल्यामुळे त्या वर्षी ते पहिल्यांदा भावेशने नाचवायचं ठरलं होतं. सोंग रंगवायला जव्हारला दिलं होतं. ते आणायला तो आणि त्याचा मित्र कमलेश मोटरसायकलवर गेले. गाडी कमलेशच्या मामाची. लायसन कोणाचंच नाही.

दुपारी ते माझ्यापाशी आले. पुढे कमलेश, मागे भावेश, त्याच्या पाठीवर साडीने बांधलेला रावण. दोघांची दोन आणि रावणाची दहा, अशी बारा डोकी. हेल्मेट एकच, मामाचं. ते रावणाच्या मधल्या डोक्यावर घातलं होतं. नवा रंग होता, उडू नये म्हणून.

सुकरीआजीने विचारलं, तुमच्या डोक्याचा रंग उडाला तर? कमलेश म्हणाला, आजे, आमचा पक्का आहे.

भावेशला सोंग घालून बघायचं होतं. आजी म्हणाली, अजून पूजा नाय झाली त्याची, नको घालू. त्याने फक्त तोंडासमोर धरलं. पण मी उंचावर, रस्त्याकडे बघणारा. दहा डोकी माझ्यात नीट दिसेनात. मग त्याने गाडीतला पाना काढला, कमलेशच्या खांद्यावर चढला आणि माझा नट सैल केला.

मित्रांनो, तो नट गंजलेला होता. मला अडून बसता आलं असतं. गंजलेले नट दिवस-दिवस अडून बसतात, त्यांची तशी ख्याती आहे. मी बसलो नाही. मी गर्रकन फिरलो, मान खाली घातली आणि भावेशला दहाही डोकी दाखवली. तो इतका खूश झाला की मीही झालो.

तेवढ्यात जव्हारहून मामाचा फोन आला, गाडी कधी आणतोस म्हणून. कमलेशने घाई केली.

"आरसा सरळ कर ना," आजी म्हणाली.

"सोंग घरी टाकून येतोच, आजे. परत जाताना करतो."

दोघे गेले. माझ्यात आता एक करवंदीची जाळी आणि थोडी माती, एवढंच दिसत होतं. मला एवढं रिकामं कधी वाटलं नव्हतं.

आजीने काठी वर करून मला ढकलायचा प्रयत्न केला. टाचा उंचावल्या, दगडावर चढली. काठी हातभर कमी पडली. मग ती वळणावर उभी राहून येणाऱ्या गाड्यांना हात करू लागली. गाडीवाल्यांना वाटलं, करवंदं विकते आहे. एकाने मान हलवली, नको. एक थांबला, दोन द्रोण घेतले आणि आरशाचं न ऐकताच गेला. तासाभरात तिची कधी नव्हे एवढी विक्री झाली.

मग पाड्याकडून मोटरसायकल वर आली, जोरात. मामाचे आणखी तीन फोन झाले होते. हेल्मेट या खेपेला हँडलला लटकत होतं. आजीने दोन्ही हात वर केले. भावेशने तिला हात हलवून उत्तर दिलं. आरसा तो साफ विसरला होता. कमलेशने मात्र सवयीने माझ्यात बघितलं. माझ्यात जाळी होती आणि माती होती. गाडी नव्हती. म्हणजे रस्ता मोकळा, असं समजून त्याने वळण आतून कापलं.

समोरून पंढरीची जीप येत होती. त्यानेही माझ्यात बघितलं होतं. त्यालाही मी जाळीच दाखवली.

पंढरीने जीप गटारात घातली, म्हणून मोटरसायकल वाचली. दोन्ही पोरं घसरत गेली, कातडं सोलून निघालं. जीपमध्ये बोहाड्याची गर्दी होती, आत वीस माणसं. मागच्या पायरीवर दांडी धरून एक मुलगी उभी होती. भावाचं पहिलं सोंग बघायला शाळेतून निघाली होती. ती उडून माझ्या खांबापाशी पडली. तिचा हात खांबाला लागला. नेहमी लागायचा तसाच.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. जून आला तेव्हा त्यात सळई होती. नाशिकची चाचणी झाली, तिच्याशिवाय. बोहाड्यात रावण काकाने नाचवला.

चौकशीला दोन माणसं आली. वाऱ्याने फिरला, असं लिहून घेऊन त्यांनी मला सरळ केलं. त्या दिवशी पान हललं नव्हतं. पाड्यावर म्हणाले, माकडांनी केलं असणार. सुकरीआजी गप्प बसली. कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, ज्याचं तोंड त्याने उघडावं. कमलेशला त्याच्या बापाने मुंबईला कामाला लावलं. भावेश माझ्या समोरून मान खाली घालून जायचा. आणि मी, चहाडीचा अधिकृत नोकर, मला एक शब्द बोलता येईना.

नागलीची शेतं हिरवी झाली तेव्हा एका रविवारी योगिता वर आली. काठी टेकत, एका हाताने भावेशला धरून. या वेळी मुंगीची मुलगी व्हायला फार वेळ लागला. तिने खांबाला हात लावला आणि दगडावर बसली.

मग भावेश म्हणाला, "आरसा मी फिरवला व्हता. माकडांनी नाय."

"माकडांकडं पाना नसतो," योगिता म्हणाली. "मी वाट बघत व्हते, तू कधी बोलतोस."

तो रडायला लागला. तिने रडू दिलं. मग म्हणाली, हे पंढरीदादाला आणि घरी पण सांगायचं. आणि दर रविवारी मला इथवर आणायचं, चालत. मी पळायला लागले की तू पण पळायचं.

"मला नाय जमत पळायला."

"गाडीवर बरं जमत व्हतं."

ती पुन्हा पळेल की नाही, डॉक्टर नक्की सांगत नाहीत. पण ते दोघे दर रविवारी येतात. भावेश फडक्याने मला पुसतो. एकदा सवयीने त्याचा हात केसांकडे गेला. योगिताने काठीने तो खाली केला.

मित्रांनो, माझ्यात स्वतःला बघू नका. तुम्ही कसे दिसता ते घरचा आरसा सांगेल, त्याला वेळ असतो. माझ्यात समोरून येणाऱ्याला बघा. त्याच्या मागच्या पायरीवर तुमचंच कोणी उभं असेल. हेल्मेट रावणाला घालू नका, त्याच्याकडे नऊ डोकी जास्तीची आहेत. आणि आरसा आत्ताच सरळ करा, परत जाताना नको.

सुकरीआजीने रानातून पहिलीपेक्षा हातभर लांब अशी नवी काठी तोडून आणली आहे. ती माझ्या खांबाला टेकवून ठेवलेली असते. भावेश मला पुसतो तेव्हा तीही पुसतो. ती वापरायची वेळ आजीवर आणू नका.