शेवटच्याचा मार्ग

रविवारी सकाळी हरण्यात टक्केसरांचा सरळसरळ फायदा होता. हरायचं ते विभागप्रमुख मॅडमकडून, आणि असं हरायचं की त्यांना बरं वाटावं. बरं वाटलं की मत चांगलं, मत चांगलं की शिफारस, आणि शिफारस झाली की नोकरी कायम. अर्थशास्त्राच्या हंगामी प्राध्यापकाला एवढी साखळी जुळवायला वेळ लागत नाही. खर्चाच्या बाजूला होती रविवारची झोप आणि थोडी अब्रू. झोप ते बसमध्ये भरून काढत. अब्रूचं म्हणाल, तर हंगामी माणसाची अब्रूही हंगामीच.

उठल्यासुटल्या टक्के सांगायची खोड, म्हणून हे नाव पडलेलं. रागावली की बायकोही त्यांना त्याच नावाने हाक मारी.

खेळ साधा होता. विद्यापीठाच्या आवारात प्लास्टिकची तबकडी फेकत जायचं. गोल्फच म्हणा, पण खड्ड्याऐवजी समोर दिसेल ते: दिव्याचा खांब, ग्रंथालयामागचा गळका नळ, भौतिकशास्त्राच्या दारातली बेवारस सायकल. तबकडी पडेल तिथून पुढची फेक. कमीत कमी फेकींत सगळ्या खुणा गाठेल तो जिंकला. पंच नाही. आपापल्या फेकी आपण मोजायच्या आणि शेवटी तोंडाने सांगायच्या. आणि एक जुना नियम होता: जो शेवटचा येईल, तो पुढच्या रविवारचा मार्ग ठरवेल.

हा नियम मॅडमच्या यजमानांचा. भूगोल शिकवायचे. खेळ त्यांनीच सुरू केला आणि ते इतक्या नेमाने हरत आले की मार्ग कायम त्यांचेच असत. गेल्या वर्षी ते वारले. खेळ काही महिने बंद पडला, मग वनस्पतिशास्त्राच्या सरांनी पुन्हा सुरू केला, आणि त्या वेळी टक्केसर त्यात शिरले.

अडचण एकच होती. वसतिगृहाच्या दिवसांत टक्केसर तबकडीत पटाईत होते, आणि वळण लागलेल्या हाताला वाकडं फेकणं जमता जमत नाही. मग त्यांनी सोपा उपाय काढला. फेकायचं नीट आणि सांगताना चार-पाच फेकी वाढवून सांगायच्या. खोटं बोलून स्वतःचंच नुकसान करणाऱ्यावर संशय कोण घेणार?

पण महिनाभरात विपरीतच घडू लागलं. मॅडमचा खेळ ढासळला. त्यांची तबकडी कुंपणात जाई, सायकलतळाच्या पत्र्यावर जाई, एकदा तर उलट दिशेने गेली. त्या जितक्या वाईट खेळत, तितक्या जास्त फेकी टक्केसरांना वाढवाव्या लागत. आणि दर वेळी "शेवटचे टक्केसर!" अशी हाळी उठली की मॅडमचा चेहरा खुलायच्या ऐवजी ताठ होई.

"म्हातारपण हो," ते घरी बायकोला म्हणाले. "महिनाअखेर निवृत्त होतायत. हात थकला असणार. नव्वद टक्के तेच."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "शेवटच्याला काय मिळतं म्हणालात?"

"मिळायचंय काय? मार्ग ठरवायला मिळतो."

"आणि त्यांचे मिस्टर शेवटचं खेळले तेव्हा कितवे आले होते?"

"शेवटचे. ते नेहमीच शेवटचे. वनस्पतीवाले सांगतात ना."

"मग त्यांनी ठरवलेला मार्ग खेळलात कधी?"

टक्केसर बोटांवर रविवार मोजू लागले. त्याच्या पुढच्या रविवारी मॅडमचे यजमान दवाखान्यात होते. नंतर खेळच बंद. सुरू झाला तो नव्या मार्गाने.

"अहो, त्यांना हरायचंय," बायको म्हणाली. "आणि तुम्ही त्यांच्या आधी हरून बसता!"

"मग मागायचा ना मार्ग! नाही कोण म्हणणार आहे?"

"नवऱ्याने घातलेला नियम आणि बायकोच मोडेल? शिवाय मागून घेतलं की सगळे माना हलवून हळहळतात. त्यांना नको असेल ते. बसा आता टक्के काढत."

ते खरंच बसले. सोमवारी शिफारशी पाठवायची मुदत संपत होती. म्हणजे येत्या रविवारी, सगळ्यांदेखत, आपल्या साहेबीणबाईंना सडकून हरवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सहीची वाट बघायची. असा व्यवहार कुठल्याच पुस्तकात बसत नव्हता. शनिवारी रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांनी बूट घट्ट बांधले.

त्या दिवशी त्यांनी हात मोकळा सोडला. तबकडी खांबाला लागे, नळावर टणकन आदळे. वनस्पतीवाले म्हणाले, "अहो, आज काय खाऊन आलात?" मॅडम कुंपणात कोपरापर्यंत हात घालून तबकडी शोधत होत्या.

"सव्वीस," शेवटी मॅडम म्हणाल्या.

"बावीस," वनस्पतीवाले म्हणाले.

"अठरा."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "अठरा? गेल्या रविवारी तुमचे तीस झाले होते."

"तेवीस झाले होते, मॅडम. वरचे सात मी घातले."

"का?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"बरं?" मॅडमनी ओरखडलेला हात पुढे धरला. "मी इथे काट्यांत हात घालून प्रामाणिकपणे हरतेय, आणि तुम्ही नुसत्या तोंडाने हरलात? चार रविवार लुबाडलेत माझे! आणि हे सगळं शिफारशीसाठी?"

टक्केसरांनी मान हलवून कबूल केलं.

"ती मी केव्हाच पाठवली. तुमच्या वर्गातल्या मुलांना विचारून. खेळ बघून पोटापाण्याला लावतात का कुणाला? तसं असतं तर आमच्या ह्यांना कुणी वर्गाच्या दारातही उभं केलं नसतं." मग त्यांचा आवाज खाली आला. "पुढचा मार्ग माझा. भूगोलाच्या पायरीपासून."

पुढच्या रविवारी सगळे भूगोलाच्या पायरीवर जमले. मार्ग झाडांच्या सावलीतून निघाला तो हळूहळू उतरतच गेला. खुणा जवळजवळ, आणि प्रत्येक खुणेपाशी एक बाक.

"हा कसला मार्ग?" वनस्पतीवाले म्हणाले. "एक चढ नाही. आणि संपतो कुठे?"

"आमच्या क्वार्टरच्या फाटकाशी." मॅडम तिसऱ्या बाकावर टेकल्या होत्या. "शेवटचं खेळले त्या दिवशी घरी जाताना ह्यांनी मला तोंडपाठ करायला लावला. मी म्हटलं, आळशी आहात, खेळ ओढून घरी आणताय." त्यांनी मागे, उताराकडे पाहिलं. "दम लागत होता त्यांना. बोलले नाहीत."

वनस्पतीवाले उगाच एक पान चुरगळून हुंगत राहिले. मग मॅडमच उठल्या. "चला, फेका. चहा खोळंबलाय."

त्यांची शेवटची फेक फाटकाच्या लोखंडाला अशी लागली की बाजूच्या क्वार्टरमधून कुणीतरी "कोण आहे?" म्हणून ओरडलं. क्वार्टर सोडायचं म्हणून मॅडमचं सामान बांधून झालेलं होतं, कपबशा खोक्यात गेल्या होत्या. चहा मिळाला तो दात घासायच्या मगांतून आणि एका मापाच्या भांड्यातून.

टक्केसर शेवटचे आले. या वेळी जीव तोडून खेळले, एक फेक वाढवून सांगितली नाही. पण लांब फेकीच्या माणसाला जवळचं सोसवत नाही. खुणा ओलांडून त्यांची तबकडी पुढे पुढे जात राहिली आणि शेवटी फाटकावरून आत गेली. मागोमाग काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"मार्ग तुमचा," मॅडम म्हणाल्या. "नवं घर लांब आहे, पण मी येणार."

"चढ किती ठेवू?"

"भरपूर ठेवा. माझा दम शाबूत आहे."

हिशेब मांडायचा तर असा. मॅडमना मार्ग मिळाला. टक्केसरांच्या बायकोला 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायचा जन्माचा हक्क मिळाला. टक्केसरांना नोकरीचं कळायचंय अजून, पण एक रविवार मात्र राजरोस मिळाला. आणि सगळ्यांच्या वतीने किंमत चुकती केली ती फाटकामागच्या कुंडीने. तिच्यातलं रोप वनस्पतीवाले रुमालात बांधून घेऊन गेले. जगेल, म्हणाले. किती टक्के, हे टक्केसरांनी विचारलं नाही.