कावेरीताईचे धावायचे बूट

मित्रांनो, तारकर्लीला माईंच्या घराच्या पडवीत छत्र्या अडकवायच्या खुंटीखाली एक फळी आहे. त्या फळीवर माझा मुक्काम असतो. मी धावायच्या बुटांचा एक जुना जोड आहे. नवा होतो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता खाऱ्या पाण्याने माझा रंग उडाला आहे, डाव्या चवड्याला भोक पडले आहे आणि उजवा तळ शिवून पुन्हा उसवला आहे. तरी मला कोणी फेकून दिलेले नाही. का दिले नाही, तेच तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथले मला फार आठवत नाही. तापलेल्या रबराचा वास आठवतो, आणि माझ्या पोटात कागदाचे बोळे भरणारे एका बाईचे भराभर चालणारे हात आठवतात. तिथून मी मुंबईला लालबागच्या एका लहानशा दुकानात आलो. १९८० साली भिकाजीकाकांनी मला विकत घेतले.

भिकाजीकाका मूळचे तारकर्लीचे. मुंबईत एका कापड गिरणीत ते विणकर होते. गिरणीच्या संघातून ते शर्यतीत धावायचे. पहिल्या पाळीच्या आधी, उजाडता उजाडता, ते रोज एक मोठी फेरी मारून येत. गावी त्यांच्या शेजारच्या घरातली कावेरीताई, म्हणजे माईंची मुलगी, बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटर शिकायला मुंबईला आली, ती आधी त्यांच्याच खोलीवर उतरली. काकांच्या बायकोने, जानकीकाकूंनी, तिला आपल्या मुलीसारखे ठेवून घेतले. एकदा ती हौसेने काकांच्या मागून धावायला निघाली आणि चौकात तिच्या चपलेचा अंगठा तुटला. त्याच संध्याकाळी काका मला घेऊन आले.

"घाल ह्ये," ते म्हणाले. "चपला घालून धावलंस तर पाय मोडून घेशीत गो."

तेव्हापासून मी कावेरीताईचा झालो.

पुढच्या वर्षी तिला एका कंपनीत प्रोग्रॅमरची नोकरी लागली. मित्रांनो, एक गोष्ट मी तुम्हांला खरीखुरी सांगतो. ज्या यंत्रापाशी ताईचा सगळा दिवस जायचा, ते यंत्र मी आजवर पाहिलेले नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ चालत नसे. सगळ्यांनी पादत्राणे बाहेर काढून आत जायचे. मी दाराबाहेर साहेबांच्या काळ्या बुटांशेजारी बसून राही. दाराखालून गार वारा येई आणि आतून छपाईयंत्राचा खडखडाट ऐकू येई. आत काय असेल, कसे असेल, याची मला फार ओढ होती. ती अजूनही आहे.

आतले सगळे मला कळायचे ते धावताना. दम लागला तरी ताई बोलायची.

"काका, काल सगळो प्रोग्रॅम एका टिंबान अडलो. एक टिंब घालूक इसारलंय, आणि पानभर चुको!"

"आमच्या मागावरय तसांच," काका हसत म्हणत. "एक धागो तुटलो काय माग थांबतलोच. आधी तो धागो सोदूक व्हयो."

ताईला हे फार आवडायचे. मीही जमिनीवर हलका पडायचो. तशा सकाळी पुन्हा आल्या नाहीत.

मे महिन्यात ताई गावी येई, तेव्हा ती तारकर्लीच्या किनाऱ्यावर धावे. तिथे सगळे वेगळे होते. सलवार कमीज घालून धावणारी मोठी मुलगी गावाने पाहिली नव्हती. विहिरीवर नर्मदाकाकी हात कमरेवर ठेवून विचारत, "ह्या चेडू धावता कित्या? कोण पाठसून येता काय?" बायका हसत. माईंना वाईट वाटे, पण त्यांनी ताईला कधी अडवले नाही. धावून आल्यावर त्या मला गोड्या पाण्याने धुऊन माडाच्या सावलीत वाळत ठेवत.

मग गिरण्यांचा तो मोठा संप झाला. तो लांबतच गेला. भिकाजीकाका आणि जानकीकाकू खोली सोडून तारकर्लीला परत आले. ताई वसतिगृहात राहायला गेली आणि मी एकट्या तिच्याच पायांचा सोबती उरलो. गिरणी पुन्हा सुरू झाल्याची बातमी आल्यावर काका रोज पोस्टमनची वाट बघू लागले. गिरणीचे बोलावणे येईल, असे त्यांना वाटत होते.

त्याच सुमारास मुंबईत ताईला एक काम मिळाले. एका गिरणीतल्या कामगारांची माहिती आली होती. नाव नव्हते, फक्त बिल्ल्याचा नंबर, वय आणि संपाआधीच्या दोन वर्षांतली गैरहजेरी. चाळीस वर्षांवरचे आणि वीस दिवसांहून जास्त गैरहजर असलेले कामगार वेगळे काढायचे होते. ताईने तो प्रोग्रॅम तीन दिवसांत लिहिला आणि तो पहिल्याच झटक्याला बरोबर चालला. त्या संध्याकाळी ती इतकी खूश होती की माझ्या नाड्या नीट न बांधताच पळत सुटली. ती यादी कशासाठी आहे, हे तिने विचारले नाही. मीही, मित्रांनो, तेव्हा आनंदातच होतो.

१९८४ च्या मे महिन्यात ताई गावी आली. दुसऱ्याच सकाळी भिकाजीकाका अंगणात आले. त्यांच्या हातात एक लिफाफा होता.

"कावेरी, गिरणीचा पत्र इलाहा. इंग्रजीत आसा. वाच बघया, कधी बोलवल्यानी ता."

ताईने मला नुकतेच पायांत घातले होते. तिने कागद उघडला आणि ती तशीच उभी राहिली. तिचे पाय माझ्या आत गार पडलेले मला कळले. कागदावरची अक्षरे तिच्या ओळखीची होती. तिच्याच कंपनीच्या छपाईयंत्राची ती अक्षरे होती. वर काकांच्या बिल्ल्याचा नंबर होता आणि त्याच्याखाली त्यांची गैरहजेरी. तेवीस दिवस.

"काय म्हणतत?" काकांनी विचारले.

"काका..." ताईने कागद खाली केला. "त्येंनी तुमका परत घेवक नाय म्हणान लिवलाहा."

 पत्राची घडी खिशात ठेवून काका समुद्राकडे निघून गेले. त्या दिवशी आम्ही धावलो नाही.

पुढचे चार दिवस काका ताईबरोबर धावायला आले. ताईची पावले जड पडत होती. पाचव्या दिवशी, किनाऱ्याने शेजारच्या देवबागकडे जाताना, ती मधेच थांबली.

"काका, ती यादी माझ्या हातान झाली."

"कसली यादी?"

मग तिने सगळे सांगितले. नंबर, वय, दिवस. काका ऐकत उभे होते. लाट आली आणि मी घोट्यापर्यंत भिजलो, तरी ताई हलली नाही.

"तेवीस दिवस," काका शेवटी म्हणाले. "माझी आई मरणार म्हणान तार इलेली. तिका बघूक इलंय आणि सगळां करून मगे गेलंय. तुझ्या मशिनीक ता म्हायत होता?"

"नाय. कारण लिवूक खणच नव्हतो, काका."

"मशिनीचा जावंदे. तू इचारलंस? यादी कित्याक व्हयी, म्हणान एकदा तरी इचारलंस?"

"नाय," ताई म्हणाली.

काका वळले आणि चालू लागले. ते धावले नाहीत. ताई तिथेच वाळूत बसली. तिचे डोळे गळत होते आणि ती माझ्या नाड्या उगीचच सोडत होती, बांधत होती.

त्यानंतर काका रापणीवर जाऊ लागले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. वीस-तीस माणसे दोर कमरेला लावून एका तालात मागे मागे येतात. ताई सुट्टीत आली की त्यांच्यासमोरूनच धावायची. काका दोर ओढत तोंड फिरवून घ्यायचे. मला त्यांच्या अनवाणी पायांची पावले ओल्या वाळूत ओळखू यायची. त्यांच्या शेजारून जाताना फार एकटे वाटायचे.

मुंबईत ताईने साहेबांना सांगितले, माहितीत कारणाचाही खण हवा. साहेब म्हणाले, ते आपले काम नाही. पुन्हा तसेच एक काम आले तेव्हा तिने विचारले, ही यादी कशासाठी? उत्तर मिळाले नाही. तिने ते काम करायला नकार दिला आणि १९८६ मध्ये नोकरी सोडून ती कायमची घरी आली.

आता ती रोज माझी होती. पण तिचे मन रमत नव्हते. पडवीत बसून ती चौकटीच्या वहीत पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायची, एकेक ओळ बोटाने चालवून बघायची आणि मग वही मिटून समोर बघत राहायची. मालवणात तेव्हा तसे यंत्र कुठे होते! माई जानकीकाकूंना म्हणाल्या, "माझ्या चेडवाक हयसर गोड लागना नाय."

ते काकांच्या कानावर गेले असावे. एका सकाळी ताई किनाऱ्यावर उतरली, तर काका उभे होते. रापणीला सुट्टी होती.

"नोकरी सोडलंस?" त्यांनी विचारले.

"होय. माका ता काम करूचा नव्हता."

"ह्या बरां नाय केलंस."

ताई बघतच राहिली. तिला वाटले होते, काकांना बरे वाटेल.

"थंय इतकी माणसा बसतत. त्यातला एक इचारणारा होता," काका म्हणाले. "ताच उठान इला. आता थंय कोण इचारतला? रागान नाय सांगणंय, कावेरी. माझो राग आसा, तो रवतलो. पण तू परत जा."

ताईने वाकून माझ्या नाड्या घट्ट बांधल्या. मग ती एवढेच म्हणाली, "आज धावतलास माझ्यावांगडा?"

त्या दिवशी आम्ही तारकर्लीहून देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत गेलो. काका आता हळू धावत होते. ताई त्यांच्या बरोबरीने राहिली. परतताना माझा उजवा तळ पुरता सुटला. ताईने मला काढून हातात घेतले आणि तीही अनवाणी धावली. तिच्या हातातून मी पहिल्यांदाच दोघांना शेजारी धावताना डोळे भरून पाहिले. माझ्या आयुष्यातली ती शेवटची धाव.

दसरा झाल्यावर ताई दुसऱ्या कंपनीत रुजू व्हायला निघाली. तिने मला झटकले, आतली वाळू काढली आणि या फळीवर ठेवले.

"माई, ह्ये टाकू नको हां."

"टाकतंय कित्या?" माई म्हणाल्या.

तिची पत्रे येतात. माई ती पडवीत बसून मोठ्याने वाचतात, म्हणून मलाही कळतात. ती लिहिते, "मी विचारते, यादी कशासाठी. कधी लोक सांगतात, कधी हसतात, कधी बैठकीला बोलावत नाहीत. मग मी सकाळी जास्त धावते." नवे बूट हलके आहेत, असेही तिने एकदा लिहिले होते. त्या दिवशी मला जरा लागले.

मित्रांनो, तुमचे जुने बूट असतील तर त्यांना गोड्या पाण्याने धुवा आणि पावसाळ्यानंतर ऊन दाखवा. बुरशी आम्हांला आतून खाते. आणि पुढे मोठे होऊन कुणाची यादी करायची वेळ तुमच्यावर आली, तर लेखणी उचलण्याआधी विचारा, ही कशासाठी? त्या नंबरांखाली माणसे असतात. त्यांतला एखादा आईला शेवटचे बघायला गेलेला असतो.

आता सकाळ झाली आहे. माई चूल पेटवत आहेत. फाटकाबाहेरच्या वाटेवरून काकांची पावले येत आहेत. घरासमोर ती थोडी मंदावतात, मग पुढे जातात. त्यांच्याशेजारी ताईची पावले वाजतात का, ते मी रोज कान देऊन ऐकतो. अजून तरी ती एकटीच असतात.