सहकाररत्नांचं नाव मावेना

त्या दुष्काळात केज तालुक्यात पाऊस सोडून सगळं सहकारी तत्त्वावर सुरू होतं. अर्जुनरावांनी टँकर वाटपाची सहकारी संस्था काढली, स्वतःला अध्यक्ष नेमलं आणि मेहुण्याला, सर्जेरावाला, संगणक विभागाचा प्रमुख केलं. सर्जेरावाला टायपिंग येत होतं. बाकीचं काम पाली गावची सिंधू करायची. कुठल्या वस्तीला किती खेपा जायच्या हे ठरवणारा प्रोग्राम तिने ‘सी’ या संगणकाच्या भाषेत लिहिला होता. वस्त्यांची नावं आणि खेपांचे आकडे भरून तो तयार करणारं बिल्ड टूलही तिचंच.

सिंधू बहिणीच्या लग्नाला गेली आणि इकडे जुना संगणक बंद पडला. नवा आला, पण त्यावर टूल चालेना. ‘स्ट्रएलकॉपी’ हे फंक्शन सापडत नाही म्हणे. नावाची नक्कल करताना पुढे जागा किती आहे ते बघून थांबणारं हे फंक्शन जुन्या यंत्रावर आयतं मिळत होतं. सर्जेरावाने धडाडीने मधला ‘एल’ काढला, जागेचा आकडाही काढला. उरलं ‘स्ट्रकॉपी’. ते सगळीकडे मिळतं, कारण ते जागाबिगा बघत बसत नाही. टूल चाललं. सर्जेरावाचा हार घातलेला फोटो पेपरात आला.

त्याच आठवड्यात अर्जुनरावांच्या वस्तीचं नामकरण झालं: ‘सहकाररत्न दुष्काळनिवारक अर्जुनरावनगर’. एवढं नाव संगणकात नावासाठी राखलेल्या जागेत मावेना. उरलेली अक्षरं शेजारच्या जागेत सांडली, आणि तिथे खेपांचा आकडा होता. संगणकाने अक्षरंच आकडा म्हणून वाचली आणि त्या वस्तीच्या खेपा लाखांत गेल्या. दुसऱ्या दिवशी संस्थेचे झाडून सगळे टँकर त्या चार घरांच्या वस्तीपुढे रांगेत उभे.

शेजारच्या वस्तीच्या भिमाबाई रिकामे हंडे आणि बायका घेऊन आल्या.

“साहेब, तुमी आता पान्यातच ऱ्हायला चाललाव का?”

आपण काहीच केलं नाही, असं अर्जुनराव शपथेवर सांगू लागले. ते कधी नव्हे ते खरं बोलत होते, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही.

सिंधूला बोलावणं गेलं. तिने कोड उघडला.

“‘एल’ का म्हून काढला, सर्जेराव?”

“चालत नव्हतं म्हनून. आता चालतंय की.”

“हो, सगळे टँकर चालले.”

सर्जेरावाने उपाय सुचवला. “जागंत मावंल तेवढंच नाव घ्यायचं. पुढचं तोडून टाकायचं.”

“मग वस्तीचं नाव ‘सहकाररत्न दुष्काळ’ एवढंच राहील,” सिंधू म्हणाली.

अर्जुनरावांनी मेहुण्याकडे बघितलं. “तसं नको.”

मग सिंधूने स्वतःचंच छोटं फंक्शन लिहिलं आणि टूलमध्येच ठेवलं, म्हणजे कुठल्याही यंत्रावर ते सोबत असणार. नाव मावत नसेल तर तोडायचं नाही, सांडायचंही नाही. थांबायचं आणि कुठलं नाव ते सांगायचं. ‘स्ट्रकॉपी’ होतं तिथे तिथे तिने ते बसवलं. टूल चालवलं. अर्जुनरावनगरापाशी ते थांबलं.

“माझं नाव मावत न्हाई म्हन्तंय? जागा वाढव.”

तिने जागा वाढवली. आकडे ठिकाणावर आले. संध्याकाळी भिमाबाईंच्या वस्तीला टँकर पोचला. अर्धं पाणी वाटेत गळालं, पण तो काही सी भाषेचा दोष नव्हता.

दोष वेळीच हुडकल्याबद्दल वार्षिक सभेत सर्जेरावाला शाल मिळाली. सिंधू तेव्हा कार्यालयात बसून टूलला मुद्दाम लांबलचक नावं देत होती. टूल एकेक नाव परत करत होतं. संस्थेत कुणीतरी ‘न्हाई’ म्हणतंय, याचंच तिला बरं वाटलं.