पिराजीची तुला

धुरपतामायला अंगणवाडीचं वावडं आहे हे मला लवकर कळलं. का आहे, ते मी माझ्याच मनानं ठरवून टाकलं आणि त्यावरून महिनाभर तिच्यावर धुमसत राहिले. माझा स्वभावच तसा आहे. सासू म्हणायची, हिच्या नाकावर चूल मांडली तर भाकरी भाजून निघेल.

आमचं गाव बोरीपासून आत, गाडीवाटेनं गेलं की लागतं. अंगणवाडी आमच्या बौद्धवाड्यात, विहाराच्या खोलीत भरायची, आणि मी सुला, सातवी शिकलेली, तिची सेविका. नामांतराच्या दंगलीला तेव्हा सात-आठ वर्षं होऊन गेली होती. आमच्या गावात जाळपोळ झाली नव्हती, पण बोलणं आटलं होतं. समोरून येणारी बाई पदर सावरून बाजूनं निघून जायची. अशा गावात सरकारनं सांगितलं की सगळ्या आळ्यांची लहान लेकरं वाड्यात आणा, त्यांना खाऊ द्या, त्यांचं वजन करा, सुई टोचायला नर्सबाई आली की बसवा. सांगणाराचं काय जातं?

तरी लेकरं यायला लागली. धनगराची आली, दोन-चार कुणब्यांची आली. धुरपतामायचा नातू मात्र आला नाही, आणि सगळ्यात जास्त गरज त्यालाच होती.

पिराजी त्याचं नाव. धुरपतामायचा लेक बन्सीधर आणि सून कमलबाई, त्यांचा मुलगा. त्याच्या आधीची दोन बाळं बाळंतपणातच गेली, तेव्हा धुरपतामायनं माळावरच्या पीरसाहेबाला नवस बोलला होता आणि मग हा जगला. मी त्याला हापशावर बघितलं, कमलबाईच्या कडेवर. अडीच वर्षांचं लेकरू, पण मांड्यांची कातडी सैल पडलेली, पोट पुढं आलेलं, केस तांबूस आणि विरळ. आईच्या खांद्यावर मान टाकून नुसता बघत होता. मला एकदम भरून आलं. परभणीच्या ट्रेनिंगमध्ये असल्या लेकरांचे फोटो दाखवले होते. आधी वजन करा, मग दुप्पट आहार द्या आणि दवाखान्यात न्या, असं शिकवलं होतं. वजनाशिवाय पुढची कुठलीच गोष्ट होत नव्हती.

मी तिच्या घरी गेले. धुरपतामाय ओट्यावर तूर निवडत बसली होती. मला पायरीपाशी बस म्हणाली, सगळं ऐकून घेतलं, काय काय खायला देता तेही विचारलं. शेवटी म्हणाली, लेकरू काट्यावर द्यायचं नाही. कारण विचारलं तर पुन्हा सुपात मान घातली. आठवड्यानं परत गेले, तेच उत्तर. मी काय समजायचं ते समजले. माझा हात नको, माझ्या काट्याच्या झोळीत त्यांचं लेकरू नको. असं म्हणणारे आयुष्यात कमी भेटले नव्हते, त्यामुळं मला शंकासुद्धा आली नाही.

मग एकदा हापशावर कोणी नव्हतं तेव्हा कमलबाईनं खालच्या आवाजात सांगितलं. पिराजी पाच वर्षांचा झाला की उरुसात त्याची गुळानं तुला करायची, असा नवस होता. तोवर त्याला कुठल्याच तराजूत घालायचं नव्हतं. पहिलं वजन पीराचं.

"दुसऱ्यानं आधी जोखलं की ते उष्टं व्हतंय," कमलबाई म्हणाली. "उष्टं वजन पीराला कसं द्यावं, म्हनतात माय. आन् पाच वर्साचा झाला की जड व्हईल, गूळ बी जास्त जाईल."

मी घागर तशीच ठेवून उभी राहिले. महिनाभर जपलेला राग कुठं ठेवावा कळेना. म्हातारी माझ्या हाताला घाबरत नव्हती, पीराच्या हिश्श्याला कोणी तोंड लावेल म्हणून घाबरत होती. नातवावर तिचा जीव होता, आणि त्या जिवापायीच तो वाळत चालला होता.

मी तिसऱ्यांदा गेले. गोड बोलायचं ठरवून गेले होते. पण पिराजी ओट्यावर पडला होता, तोंडावर माशी बसली तरी हात हलवत नव्हता, ते बघून माझं ठरवलेलं सगळं उडालं.

"माय, पाच वर्साचा व्हायला ह्यो ऱ्हायला तर पायजे," मी म्हणाले.

कमलबाईनं तोंडाला पदर लावला. धुरपतामायनं लेकराला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. घरी येऊन सांगितलं तर सासूनं मला फाडून खाल्लं. नवसाच्या लेकराबद्दल असं अभद्र बोलतात का, म्हणाली. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. जे दिसत होतं तेच बोलले होते.

थोड्या दिवसांनी गावात बातमी आली, धुरपतामाय याच उरुसात तुला करायलीय. लोकांना नवल वाटलं. मला मात्र कारण ठाऊक होतं. पोरगं धडधाकट आहे म्हणून ती घाई करत नव्हती. माझं बोलणं तिच्या काळजात जाऊन बसलं होतं. लेकरू राहिलं नाही तर पीराचं देणं अंगावर राहायला नको, एवढ्यासाठी तिनं दिवस अलीकडं आणला होता.

उरुसाला सगळं गाव माळावर जातं. तिथं कोण कुठं उभं आहे ते कोणी बघत नाही, म्हणून मीही पुढं जाऊन उभी राहिले. दर्ग्यासमोरच्या लिंबाला आडतीवरचा मोठा तराजू टांगला होता. बन्सीधरनं खांद्यावरून गुळाची मोठी ढेप आणली. धुरपतामायच्या हातात फडक्यात बांधलेली आणखी एक लहान भेली होती. एक ढेप कमी पडली तर असावी म्हणून तिनं ती आणली होती. नवं लुगडं नेसली होती, कपाळावर कुंकू ठळक होतं. लग्नघरातल्या यजमानिणीसारखी ती सगळ्यांना जागा करून देत होती.

मुजावर चाचांनी फातेहा दिला. एका पारड्यात घडी घातलेली गोधडी, तिच्यावर पिराजीला बसवलं. दुसऱ्या पारड्यात बन्सीधरनं ढेप ठेवली आणि हात काढला.

पिराजी वर गेला. झटक्यात गेला, साखळी धरून भेदरून बघायला लागला. दोघं-तिघं हसले. मग त्यांचंही हसणं थांबलं, कारण ढेपेचं पारडं जमिनीला टेकलं होतं आणि पोरगं वर लोंबकळत होतं.

मुजावर चाचा सांभाळून म्हणाले, थोडा गूळ फोडून काढा, बराबर होईल. बन्सीधर वाकलासुद्धा. धुरपतामायनं त्याला अडवलं.

"ठिवलेलं मागं घ्यायचं न्हाई," ती म्हणाली.

खरंच तशी रीत आहे. पीरापुढं ठेवलेल्यात भर घालता येते, त्यातून काढता येत नाही. आता करायचं काय? कोणीतरी म्हणालं, पोराच्या बाजूला दगड टाका. धुरपतामायनं त्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही. हातातली भेली कमलबाईकडं दिली, पुढं आली आणि पिराजीच्या पारड्याच्या काठावर उजवा हात ठेवून दाबलं. पारडं जरासं हललं. तिनं आणखी जोर लावला, खांदा घातला. बांगड्या मनगटावर येऊन अडकल्या. तेव्हा कुठं पिराजी खाली आला आणि काटा मधे उभा राहिला.

"कबूल झालं," मुजावर चाचा म्हणाले.

तिनं हात काढला नाही. दंड थरथरायला लागला तरी तशीच दाबून उभी होती. पीराकडं बघत नव्हती, गुळाकडं बघत नव्हती, आपल्या हाताकडं बघत होती. शेवटी बन्सीधरनं लेकराला उचलून घेतलं आणि म्हणाला, "माय, सोड आता." मला रडू आवरलं नाही. प्रसाद म्हणून गुळाचा खडा हातावर पडला, तो मी तसाच पदराला बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर लापशी ढवळत होते. बाहेर वाड्यातल्या बाया एकदम गप्प झाल्या म्हणून वळून बघितलं. दारात धुरपतामाय होती, कडेवर पिराजी, मागं कमलबाई. आमच्या वाड्यात ती जन्मात आली नव्हती. तिनं वहाणा काढल्या आणि आत आली.

"पीराचं पीराला देऊन झालं," ती म्हणाली. "आता ह्याला जोख."

मी आढ्याला काटा अडकवला, झोळी लावली. पिराजीला आत सोडलं तशी कमलबाईनं सवयीनं खालून हात दिला. सगळ्याच आया देतात.

"कमल, हात काढ," धुरपतामाय म्हणाली. "काल म्या लावला व्हता."

तिनं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले होते. काटा थोडासाच सरकला आणि थांबला. मी आकडा वाचला, आणि किती कमी आहे ते सांगायला तोंड उघडलं. तिनं मानेनंच नको म्हटलं.

"किती कमी हाय ते मला सांगू नगस, बाई. माझ्या हाताला ठावं झालंय. रातभर ठणकायलाय." तिनं पिराजीला झोळीतून उचलून घेतलं. "भरून कसं निघंल, तेवढं सांग."

मी सांगितलं. दिवसातून किती वेळा भरवायचं ते, कुठल्या खाण्यात तेल घालायचं ते, आणि आजच बोरीच्या दवाखान्यात न्यायचं हेही. बन्सीधर गाडी जुंपायलाय, ती म्हणाली. तोवर वरच्या आळीतल्या दोन-तीन बाया तिच्या मागोमाग येऊन, कडेवर लेकरं घेऊन, विहाराच्या अंगणात रेंगाळत होत्या. धुरपतामायनं तिथूनच त्यांना विचारलं, आल्यात तर भायेर का उभ्या? त्या एकमेकींकडं बघत आत आल्या.

मी ताटलीत लापशी वाढली आणि जमिनीवर ठेवायला वाकले, सवय म्हणून. तिनं हात पुढं केला. ताटली तिनं माझ्या हातातून घेतली, पिराजीला मांडीवर घेतलं, फुंकर घातली. गरम आहे का बघायला बोटभर लापशी आधी आपल्या तोंडात घातली, आणि मग दुसरा घास त्याच्या ओठांशी नेला.

पिराजीनं तोंड उघडलं. मी दुसरी ताटली भरायला घेतली.